नुसतं ऐकणारा पेजर

त्या खुंटीवरच्या पेजरला हात लावायचा नाही, हे तुला कुणी सांगितलं नव्हतं? नाही ना? मग चूक माझीच. ठेव तो होता तसा. आणि इकडे ये, शेगडीजवळ बस. वीज काही सकाळपर्यंत येत नाही, वादळ अजून सरोवरावरच घोंगावतंय, आणि तुम्हा पोरांना आज इथे अग्निशमन ठाण्यातच झोपायचंय. कॉफी ओत सगळ्यांना. माझ्या कपात साखर नको. डॉक्टर माझ्या बायकोला सांगतो आणि बायको मला.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. पटलं तर घ्या, नाहीतर रेनो म्हातारा बरळतोय म्हणा आणि झोपा. हे घडलं आर्वो हार्यूच्या बाबतीत. तुमच्यातल्या कुणी त्याला पाहिलेलं नाही. इथला चीफ होता तो, उंच, कमी बोलणारा, रागीट. त्या रात्री मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसलेला होतो.

चार हिवाळे झाले. जानेवारीतला शेवटचा शुक्रवार. दुपारपासून बर्फ पडत होतं, पण आपल्याकडे त्याचं कुणाला काय. आर्वोची इंपीआत्या मिंक नदीच्या पलीकडे एकटी राहायची, नव्वदीला टेकलेली. तिच्या हृदयाच्या गोळ्या संपत आल्या होत्या. आर्वोने नव्या आणून ठेवल्या होत्या, पण रस्ता बर्फाने बंद. म्हणून त्याने पोराला, आपल्याच दलातल्या गॅरेटला सांगितलं, स्नोमोबाइलवरून जा आणि देऊन ये. डोरीनने, म्हणजे गॅरेटच्या आईने, आत्यासाठी मांस-बटाट्याच्या दोन गरम पेस्ट्या कागदात गुंडाळून दिल्या. साधंच काम. तासाभरात जाऊन यायचं.

आर्वो दारातून म्हणाला, "पोचलास की निरोप दे."

गॅरेटने पट्ट्यावरच्या पेजरवर टिचकी मारली. "कशावर देऊ? हा तर नुसतं ऐकतो." आणि हसत गेला.

ते टिचकी मारणं आर्वोला झोंबलं, आणि का झोंबलं ते कळायला तुम्हाला आधीच्या आठवड्यातली गंमत ठाऊक हवी. तुमच्या पट्ट्यांवर जे आहेत ते आवाजाचे पेजर. टॉवरवरून दोन टोन येतात, एक खालचा, एक वरचा. पेजर दिवसभर मुका बसलेला असतो. आपले ते दोन टोन ऐकले की जागा होतो, आणि मग जिल्ह्याच्या डिस्पॅचवर बसलेली बर्नडीन जे बोलेल ते तुमच्या कमरेवर मोठ्याने ऐकू येतं. सगळ्या दलाचे टोन एकच, आणि घरटी एक पेजर, त्यामुळे गावातल्या झाडून सगळ्या स्वयंपाकघरांत एकदम ऐकू येतं. पण ते तुम्ही ऐकलंत की नाही, हे बर्नडीनला कळायची सोय नाही. त्या डबीला कान आहेत, तोंड नाही.

दुसरे असतात ते दुतर्फी. त्यावर अक्षरं येतात. निरोप मिळाला की तो पेजर स्वतःच टॉवरला सांगतो, मिळाला. सांगितलं नाही, तर निरोप तिकडे जपून ठेवतात आणि पेजर टापूत येईपर्यंत पुन्हा पुन्हा धाडत राहतात. आणि माणसाला उलट उत्तरही लिहिता येतं. तसे दोनच आपल्याला मिळाले होते. एक चीफला, आणि दुसरा गॅरेटला, कारण पोरगा असल्या गोष्टींत हुशार. मोबाइलचं म्हणाल, तर त्या नदीच्या बाजूला तो वेळ बघायलाच उपयोगी पडतो.

तर दर सोमवारी संध्याकाळी जिल्ह्याकडून चाचणीचा निरोप यायचा. दुतर्फी पेजरवाल्याने "उपलब्ध" एवढंच लिहायचं. ह्या पठ्ठ्याने लिहिलं, "उपलब्ध. पण सॉनात आहे, चड्डी चढवायला वेळ द्या." बर्नडीनला हसू आवरेना. तिने ते अख्ख्या कचेरीला वाचून दाखवलं. आणि शेरीफने भर बैठकीत आर्वोला टोमणा मारला, की तुमचं अग्निशमन दल आहे का विदूषकांचा फड. आर्वो तापून परत आला. ह्याच टेबलापाशी, आम्हा सगळ्यांच्या देखत त्याने हात पुढे केला, पोराचा पेजर काढून घेतला आणि त्याच्यापुढे एक जुना, आवाजाचा आदळला.

"फार बोलतोस," तो म्हणाला. "आता नुसतं ऐक."

पोरगं कानापर्यंत लाल झालं. पण त्याने टाचा जुळवल्या, सलाम ठोकला आणि म्हणाला, "ऐकतोय, चीफ." आम्ही खो खो हसलो. आर्वोलासुद्धा हसू फुटत होतं, त्याने मिशीत दाबलं.

तर तो शुक्रवार. जेवणाची वेळ झाली, गॅरेट आला नाही. आत्याचा फोन लावला तर लाइन मेलेली. आर्वोने डोरीनला सांगितलं, म्हातारीने बसवून घेतलं असेल, आणि स्वतः विजेरी घेऊन नदीवर गेला. जुन्या गिरणीपाशी स्नोमोबाइलचा माग बर्फावरून नदीत उतरला होता. पुढचा माग वाऱ्याने पुसलेला. आणि मधोमध, जिथे प्रवाह जोराचा आहे, तिथे बर्फ फाटून काळं पाणी दिसत होतं.

त्या पाण्यातून त्याने आयुष्यात माणसं काढली होती. जिवंत एकही नाही.

मग टोन वाजले आणि आम्ही सगळे आलो. दोर बांधून बर्फावर सरपटलो, काठ्यांनी पाणी ढवळलं, अलीकडचा अख्खा काठ पालथा घातला. वारा असा, की स्वतःच्या हातातला मोजा दिसत नव्हता. एक जण कमरेपर्यंत पाण्यात गेला, त्याला ओढून काढला. शेवटी आर्वोच्या खिशात त्याचा दुतर्फी पेजर थरथरला. शेरीफचा हुकूम होता. शोध सकाळपर्यंत थांबवा, माणसं आत घ्या. मिळालाच नाही असं म्हणायची सोय नव्हती, कारण त्याने हात लावायच्या आतच त्या डबीने परस्पर मिळाल्याचं कळवलं होतं. आर्वोने तो इथे टेबलावर पालथा ठेवला. आम्ही ओल्या कपड्यांनी भिंतीला टेकून बसलो होतो. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

"त्याच्या पट्ट्यावर पेजर आहे," आर्वो एकदम म्हणाला. "त्याला ऐकू येतं."

त्याने वायरलेसचा माइक उचलला आणि बर्नडीनला सांगितलं, टोन दे, मी बोलणार आहे. तिची दोन पोरं गॅरेटबरोबर शाळेत होती.

"देते, चीफ. पण काही विचारू नका. नुसतं सांगा. त्याला बोलता येत नाही."

ते काय आर्वोला माहीत नव्हतं? पण आपल्या लोकांची खोड कुठे जाते. आयुष्य वायरलेसवर गेलेलं. सांगायचं, विचारायचं, उत्तराची वाट बघायची. उत्तर आल्याशिवाय काम झालं असं मानायचंच नाही. तुम्हाला पहिल्याच दिवशी मी तेच शिकवलं. त्याला दुसरं बोलताच येत नव्हतं.

टोन वाजले. आमच्या सगळ्यांच्या कमरेवरचे पेजर एकदम उघडले. घरी डोरीनच्या टेबलावरचाही. गावातल्या प्रत्येक घरातला.

"गॅरेट. डॅड बोलतोय. कुठे आहेस?"

त्याने बटण सोडलं आणि थांबला. माझी मान खाली गेली. बाप पोराला विचारतोय आणि पोराच्या कमरेवर मुकी डबी, हे बघवत नव्हतं.

मग खरखर आली.

बारीक. कुणी माइकचं बटण दाबून गप्प राहिलं की येते तशी. सगळ्या पेजरांमधून एकदम. आली आणि गेली.

बर्नडीन कडाडली. "चॅनेलवर कोण आहे? बटणं सोडा सगळ्यांनी." आम्ही एकमेकांकडे बघितलं. आमचे वायरलेस इथे टेबलावर ओळीने पडलेले होते. म्हटलं, टॉवरवर बर्फ साचलं असेल, वारा असेल.

आर्वो बोलत राहिला. झोपू नकोस. वाऱ्याच्या आड हो. बर्फात बीळ खण, हात काखेत धर. असं बराच वेळ सांगितलं. पेजर गप्प. मग म्हणाला, "ऐकतोयस ना?"

खरखर.

पुन्हा सांगितलं, मम्मी जागी आहे, आम्ही सगळे जागे आहोत. काही नाही. "शुद्धीवर आहेस ना रे?"

खरखर.

बर्नडीनचा आवाज आला, अगदी हळू. "चीफ... तुम्ही नुसतं सांगितलं की काही येत नाही. विचारलं की येतं."

शेगडीतलं लाकूड तडकलं, तर आमच्यातला एक जण दचकून उभा राहिला.

इथला फोन वाजला. मी उचलला. डोरीन होती. तिच्या मागे तिचा पेजर उघडाच होता. एवढंच म्हणाली, आर्वोला दे.

"ते काय आहे, आर्वो?"

"मला माहीत नाही."

"विचार त्याला," ती म्हणाली. "थांबू नकोस. विचार."

आर्वोने फोन माझ्या हातात दिला. माइक दोन्ही हातांनी धरला.

"गॅरेट. नदीच्या अलीकडे आहेस?"

काही नाही. वारा फक्त.

"पाण्यात आहेस?"

काही नाही.

"पलीकडे आहेस?"

खरखर.

"आत्याच्या रस्त्याला? देवदारांच्या वळणावर?"

खरखर...

आर्वोच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. पुसायचंही त्याला सुचलं नाही. "थंडी वाजतेय का रे, बाळा?"

खरखर. लगेच आली. जणू वाटच बघत होती.

"येतो," आर्वो म्हणाला. "आलोच. येतो मी." मग माझ्याकडे वळला. "रेनो, तुझं यंत्र काढ."

स्नोमोबाइलच्या वाटा सपाट करायचं ते पट्ट्यांचं अवजड धूड तेव्हा माझ्याकडे असायचं. मी म्हणालो, आर्वो, हुकूम आलाय. धरणाच्या पुलावरून फेरा घालून जावं लागेल, अर्ध्या वाटेत अडकलो तर आपल्याला शोधायला कोण येणार. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी कोट चढवला. आणि खरं सांगू? ती खरखर ऐकल्यावर मलाही इथे बसवत नव्हतं.

निघताना त्याने माइक पुन्हा एकदा उचलला.

"गॅरेट, मी तुला नुसतं ऐक म्हणालो होतो. ते मागे घेतो. तुझा पेजर तुला परत देतो. बोल रे. वाटेल तेवढं बोल."

ह्यात प्रश्न नव्हता. काही यायला नको होतं. बराच वेळ आलंही नाही.

मग आली. आधीच्या सगळ्यांपेक्षा लांब खरखर. मध्ये एकदा तुटली... पुन्हा सुरू झाली... थांबली. बर्नडीनने चॅनेल मोकळं करा म्हटलं नाही. ती रडत होती.

आम्ही गेलो. किती वेळ लागला विचारू नका. दिव्यापुढे नुसता पांढरा पडदा. पूल लागला. झाडं लागली. आर्वो दार उघडं टाकून बाहेर वाकून हाका मारत होता. त्याचा आवाज बसला, तरी मारत होता. वळण आलं.

बर्फातून एक काळी पट्टी वर आलेली दिसली. स्नोमोबाइलची पुढची घसरपट्टी.

मी यंत्र थांबवायच्या आत त्याने उडी टाकली. फावडं होतं, घेतलं नाही. हातांनी उकरलं. मी शेजारी उकरत होतो. पोराचं यंत्र उलटं पडलेलं. त्याच्या खाली...

आर्वोने चेहऱ्यावरचं बर्फ झाडलं. मग कोट काढून पोरावर घातला आणि तसाच त्याला धरून बसला. पट्ट्यावरचा पेजर तेवढा चालू होता. लाल दिवा उघडझाप करत होता.

डॉक्टरने दुसऱ्या दिवशी सांगितलं, मान मोडली, जागच्या जागी गेला. त्याला काही कळलंही नसेल. आणि इंपीआत्या म्हणाली, पोर माझ्यापाशी बसून पेस्टी खाऊन उजेड असतानाच निघालं होतं. तिच्या घरापासून ते वळण हाकेच्या अंतरावर. म्हणजे घरी जेवणाची पानं मांडली, त्याच्याही आधी. आर्वो नदीवर गेला त्याच्या आधी. त्याने माइक हातात घेतला त्याच्या...

कळलं ना? मग असू दे.

मातीच्या दिवशी आर्वोने सगळ्यांशी भांडण काढलं. आपल्यात शेवटची हाक देतात, तुम्हाला माहीत आहे. बर्नडीनने टोन द्यायचे, गेलेल्याचं नाव घेऊन तीनदा बोलवायचं. सगळ्यांचे पेजर उघडे. कुणी उत्तर देत नाही. मग ती सांगते, उत्तर नाही, आणि त्याचा क्रमांक कायमचा मिटवतात. आर्वो म्हणाला, माझ्या पोराला ही हाक द्यायची नाही. पाद्रीने समजावलं, शेरीफ स्वतः घरी गेला. तो एकच सांगत राहिला, की उत्तर आलं नाही असं मी कुणालाही म्हणू देणार नाही. सगळ्यांना वाटलं, दुःखाने डोकं फिरलंय. मलाही तेच वाटलं.

त्यानंतर एका संध्याकाळी तो इथे आला, मी एकटाच होतो. खिशातून दोन पेजर काढून टेबलावर ठेवले. एक डोरीनचा, स्वयंपाकघरातला. दुसरा गॅरेटचा. जिल्ह्याचे वायरलेस मी वर्षानुवर्षं दुरुस्त करत आलोय, म्हणून मला म्हणाला, रेनो, हा उघडून सांग, ह्यात माइक आहे का. मी चारही स्क्रू काढले. स्पीकर, बॅटरी, आणि शेवटची काही मिनिटं साठवून ठेवते ती चिप. बस. आवाज आत घ्यायला काहीच नाही. तसं मी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली. पुन्हा बंद करून घेतला.

आधी त्याने डोरीनचा लावला. त्यात त्या रात्रीचा शेवट होता. आर्वोचा आवाज, खरखर, आर्वोचा आवाज, खरखर. आम्ही ऐकलं होतं तसंच, हुबेहूब. मग गॅरेटचा माझ्यापुढे सरकवला, आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. बटण मला दाबायला लावलं.

आर्वो आता नाही. गेल्या वर्षी तोही गेला. जाण्याआधी हा पेजर त्यानेच ह्या खुंटीवर टांगला. त्यातलं पुसायचं नाही, एवढंच बोलला. बॅटरी मी काढून ठेवली आहे, त्या ड्रॉवरमध्ये असते. तुमच्यापैकी कुणाला शहाणपणा करायचा असेल तर सांगून ठेवतो, मी एकदाच ऐकलंय, आणि मला तेवढं पुरलं.

पहिला आवाज आर्वोचा. पलीकडे आहेस? आणि जिथे खरखर होती, तिथे गॅरेट. वारा नाही, धाप नाही. इथे बसून बोलावं तसा शांत.

"हो, डॅड."

देवदारांच्या वळणावर?

"हो."

थंडी वाजतेय का रे, बाळा?

"आता नाही."

खिडकीपाशी आर्वोचे खांदे हलले. मी बटणावरचं बोट उचलणार होतो. तो म्हणाला, राहू दे, पुढे आहे. मग त्याचाच आवाज आला, येतो, आलोच म्हणणारा. मग ते निघतानाचं. मी तुला नुसतं ऐक म्हणालो होतो, ते मागे घेतो. बोल रे. वाटेल तेवढं बोल.

त्यानंतर बराच वेळ काही नाही. तेव्हाही नव्हतं.

त्या रात्री आम्ही नदी विचारली, वळण विचारलं, थंडी विचारली. ज्या कामाला पोर गेलं होतं त्याचं कुणी विचारलंच नव्हतं. आत्याच्या टेबलावर गोळ्यांची बाटली आहे, हे आम्हाला सकाळी कळलं.

पेजरमध्ये गॅरेट हसल्यासारखा झाला. दारातून जाताना हसला होता, तसाच.

"ऐकतोय, चीफ," तो म्हणाला. मग जरा थांबला.

"डॅड... गोळ्या पोचल्या."